वेणूताईंचा डबा आणि माझं सातूचं पीठ

माझ्या हातून जन्मात पुष्कळ मूर्खपणे झाले, पण त्यातला अव्वल नंबरचा मूर्खपणा स्टीलच्या वाटीत झाला. माझ्या सासूबाईंची जखम भरावी म्हणून आणलेली ताकदीची पावडर वीस दिवस मी स्वतः प्याले, आणि त्यांना सातू पाजलं. चोरून, दोन्ही वेळा, चमचा मोजून.

बरं, तेव्हा मी काही पोरसवदा नव्हते. एकेचाळीस वर्षांची होते. दोन लेकरांची आई, कोर्टातल्या बड्या बाबूची बायको, आणि आमच्या महिला मंडळाची चिटणीस. नातवंडं आता विचारतात, "आजी, असं का केलं गं तू?" मी सांगते, भूक लागली होती. खरं कारण सांगायला लाज वाटते, पण लाज वाटायचं वय गेलं, म्हणून लिहून टाकते. मला एका बाईचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही. तिच्या स्लिपरचा फटफट आवाज अंगणात आला की मी हातातलं भांडं आदळायचे.

त्या बाईचं नाव वेणूताई. पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. आमच्या रांगेत शेवटचं घर आमचं आणि त्याला लागून त्यांचं. मधली भिंत एकच. त्यांच्याकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं, आणि आमच्याकडे काय बिनसलंय ते त्यांना आवाजावरून.

दिसायला काही विशेष नव्हत्या. हे मी तेव्हा स्वतःला दिवसातून एकदा तरी सांगायचे. उंच, हाडकुळ्या, पुढचा एक दात जरासा पुढे. पांढरं पातळ, कमरेला खोचलेला पदर, आणि छातीशी पिनेनं उलटं टांगलेलं चावीचं घड्याळ. नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षीच गेलेला, मूलबाळ नाही. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, पण चालायच्या अशा की घरी दूध उतू चाललंय. मी एकदा म्हटलं, "वेणूताई, जरा सावकाश चालत जा." तर म्हणाल्या, "सावकाश चालाले मले कोणी शिकवलंच नाही, सुमन. वार्डात आपण सावकाश गेलो का पलंगावरचा माणूस घाईनं जाते."

बोलणं हे असं. मी चार पुस्तकं वाचून मंडळात भाषण ठोकायचे तर बाया जांभया द्यायच्या, आणि ही बाई रस्त्यात कोथिंबीर निवडता निवडता एक वाक्य टाकायची तर तेच आठ दिवस सगळ्या कॉलनीत फिरायचं. मला कसं सहन व्हावं?

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. आमचं पोट कोर्टाच्या पगारावर, त्यामुळे आम्हाला झळ लागली ती लांबून. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा कित्येक दिवस वाजत नव्हता, बाजारात माणसं एकमेकांशी कमी बोलायची. वेणूताईंना मात्र ते दिवस जवळून दिसले. त्यांच्या वार्डात फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं यायची. कोणाच्या ते फवारता फवारता गेलेलं असायचं, कोणी हातानं घेतलेलं असायचं. कोण कशानं आलं हे वेणूताई विचारत नसत आणि घरी येऊन सांगतही नसत. यातून जी वाचायची, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. खायची नाहीत. घरची माणसं रडून, ओरडून, शपथा घालून थकायची.

मी एकदा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेले होते, तेव्हा वेणूताईंची तऱ्हा डोळ्यांनी पाहिली. असाच एक माणूस भिंतीकडे तोंड करून निजला होता. केळापूरकडचा कोणी. बायको पायाशी बसून मुसमुसत होती. वेणूताईंनी तिला बाहेर चहा प्यायला पाठवलं, स्टूल ओढलं, स्वतःचा जेवणाचा डबा उघडला आणि त्या माणसाच्या पाठीशी बसून जेवायला लागल्या. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. बुक्कीनं फोडलेला कांदा! कुडुमकुडुम आवाज करत, बोटं चाटत, मधेच ठेचा लागला म्हणून सू-सू करत. मला तर शरमच वाटली. सरकारी दवाखान्यात हे काय जेवणं? पण पाच-सात मिनिटांनी तो माणूस भिंतीकडे तोंड असतानाच बोलला, "ठेचा कच्च्या मिरचीचा हाय का भाजलेल्या?"

"भाजलेल्या," वेणूताई म्हणाल्या. "पण तुले नाही भेटत. तुहा गळा सोललेला हाय. तुले आंबील."

आणि स्टुलाखालून झाकलेली वाटी काढली. ज्वारीची पातळ आंबील, कोमट, तीत त्या पावडरीचा एक चमचा. त्या माणसानं कूस बदलली. माझं इंजेक्शन घ्यायचं राहूनच गेलं.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात. हे म्हणाले, "वा! त्यांच्याकडून थोडं शिकायला पाहिजे आपण." आपण म्हणजे मी. नवऱ्यांना ही भाषा बरोबर येते.

पावडरीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती दुधातल्या प्रथिनांची. हल्ली व्यायामशाळेत जाणारी पोरं बादलीएवढे डबे बाळगतात तीच जात. तेव्हा आमच्या गावात ती एकाच मेडिकलात मिळायची आणि लोक तिला ताकदीची पावडर म्हणायचे. वेणूताईंना तिची माहिती पुरती, पण त्यांनी ती मला कधी सांगितली नाही. मला ती कळली चोरून, माझ्याच हळदीकुंकवाच्या दिवशी.

मंडळातर्फे संक्रांतीचं हळदीकुंकू मी माझ्या घरी ठेवलं होतं. रांगेतल्या सगळ्या बायांना बोलावणं केलं, वेणूताई सोडून. विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं नसतं, एवढंच कारण मी स्वतःला दिलं. आतून मात्र बरं वाटत होतं, की आज तरी ही बाई माझ्या अंगणात नसेल. बाया आल्या, वाण घेतलं, तिळगूळ घेतला, आणि जायला निघाल्या त्या एकेक करून शेजारच्या ओट्यावर चढल्या. मी भिंतीला कान लावला.

"पावडर म्हणजे काही जादू नाही वं," वेणूताई सांगत होत्या. "दूध फाटलं का पिवळं पाणी निघते ना, जे तुम्ही मोरीत फेकता? त्याच पाण्यातलं सत्त्व सुकवून डब्यात भरते कंपनी. ऑपरेशन झालेला, जखम असलेला, म्हातारा, ज्याच्याच्यानं जेवल्या जात नाही, त्याले उपयोगी. मांस भरून येते, झिजलेलं अंग धरते. ज्याले दोन टाइम वरण-भाकर जाते, त्याले कायले पाह्यजे? आन् किडनीचा तरास असन तर डॉक्टरले विचारल्याबिगर हातही लावायचा नाही."

"मंग आमच्यासारखीनं काय करावं?" कोणी विचारलं.

"ते पाणी फेकू नोको. त्यात कणीक भिजव, कढी कर. हायवेवरच्या ढाब्यावर पनीर करतेत ना, तो सरदारजी सारं बादलीनं ओतून देत होता ते पाणी. मी त्याले म्हटलं, बाबा, माह्या वार्डात दे. आता कॅन भरून ठेवते. बुधवारी वार्डात कढी त्याचीच राह्यते."

बाया हसल्या, टाळ्या वाजल्या. माझ्या घरात हळदीकुंकवाचं तबक घेऊन मी एकटी बसले होते. तिळगुळाचा उरलेला डबा मी त्या संध्याकाळी रागारागानं सगळा संपवला. बोलावलं नाही म्हणून वेणूताईंच्या तोंडावर काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तिळगूळ उरला काय वं?" मी म्हटलं, संपला. ते खरंही होतं.

त्या पावसाळ्यात आत्याबाई पडल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पंचाहत्तरीच्या, लहानखुऱ्या, तोंडानं तिखट. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण घरी आणल्यावर पडून पडून पाठीखाली, माकडहाडाशी जखम झाली. रुपयाएवढी होती ती पुरीएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, ही भरल्याशिवाय यांना बसवता येणार नाही, आणि लवकर बसवलं नाही तर पाय कायमचे जातील. म्हणजे सगळं त्या जखमेवर आलं. आत्याबाईंना दुसऱ्याच्या हातानं आंघोळ करायची म्हणजे मरण वाटायचं. रोज विचारायच्या, "सुमन, भरली काय वं?" मी म्हणायचे, "भरतेय हो." भरत नव्हती. आत्याबाई जेवतच नव्हत्या. मऊ भात करा, खीर करा, मुगाची खिचडी करा, तीन घास झाले की तोंड बंद. मी चौथा घास घेऊन उभीच.

मग ह्यांनी वेणूताईंना बोलावलं. मला न विचारता.

वेणूताई आल्या, जखम पाहिली, "बाप्पा!" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दवाखान्यातून एक्स-रेची जुनी फिल्म आणली होती, धुऊन काचेसारखी केलेली. ती स्पिरिटनं पुसून त्यांनी जखमेवर अलगद धरली आणि पेनानं जखमेच्या काठाकाठानं रेघ मारली. शेजारी तारीख घातली. "दर सोमवारी काढू," म्हणाल्या. "तोंडानं भरली-भरली कोणीही म्हणते. रेघ खोटं बोलत नाही." मग डॉक्टरांकडून आत्याबाईंचं रक्त तपासून घेतलं, किडनी ठीक आहे म्हटल्यावर ह्यांना मेडिकलात पाठवून पावडरीचा डबा आणवला. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा आंबिलीत. उकळत्यात टाकायची नाही, गोळे होतात. आंबील कोमट झाली की मग. दोन्ही वेळची वाटी मी कालवायची; सकाळचं मी पाजायचं, संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर त्या पाजणार.

संध्याकाळी त्या आपलं ताट घेऊनच यायच्या. आत्याबाईंच्या उशाशी बसून तीच तऱ्हा, भाकर, कांदा, कुडुमकुडुम. आत्याबाई आधी चिडल्या. "वेणू, तुह्या घरी जागा नाही काय गिळाले?" तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वांग्याचं भरीत वाटते." चौथ्या दिवशी आख्खी वाटी आंबील संपली, वर दोन चमचे भरीत. सकाळी माझ्या हातानं तीन चमचे, संध्याकाळी त्यांच्या हातानं आख्खी वाटी! मीही एकदा सकाळी उशाशी बसून जेवून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "सुमन, तोंड मिटून खाय. शिकलेली हायस ना तू?"

दुसऱ्या सोमवारची रेघ पहिलीच्या आत आली. तिसऱ्या सोमवारची तिच्याही आत. उन्हाळ्यात तळं आटत जावं तशा एकात एक रेघा. वेणूताई फिल्म उजेडात धरून दाखवायच्या आणि आत्याबाई निजल्या निजल्या हात जोडायच्या. कोणाला? वेणूताईंना. येणारे-जाणारेही तेच. "वेणूच्या डब्यानं चमत्कार केला हो!" दिवसातून चार वेळा कूस मी बदलत होते, चादरी मी धूत होते, भांडं मी देत होते, आंबील मी शिजवत होते. आणि नाव कोणाचं, तर वेणूचं आणि डब्याचं.

तिथे माझं डोकं फिरलं. मी ठरवलं की डबा गुपचूप बंद करायचा. जखम तर भरतेच आहे, तशीच भरत राहील. महिन्यानं ती पूर्ण भरली की सगळ्यांसमोर सांगायचं, की बघा, डबा कधीचाच बंद केलाय, जखम माझ्या सेवेनं भरली! वाक्यसुद्धा पाठ केलं होतं मी. मंडळात भाषणं करायची सवय.

पण वेणूताई अधूनमधून डबा उचलून वजन पाहायच्या. म्हणजे पावडर रोज कमी व्हायला हवी. फेकून द्यावी तर महागाची वस्तू, जीव होईना. म्हणून मी ती प्यायला लागले. आणि खरं सांगायचं तर, मनात असंही होतं, की ही पावडर पिऊन त्या बाईसारखी माझीही चाल तडफदार झाली तर झाली. आत्याबाईंच्या आंबिलीत मी सातूचं पीठ आणि गूळ घातला. वेणूताईंनी पहिल्या संध्याकाळी वाटीत पाहिलं. "रंग बदलला वं?"

"गूळ घातलाय साखरेच्या जागी."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी लाइट जायचेच, कंदिलाच्या उजेडात तेवढ्यावर निभावलं. आत्याबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि गिळला.

मी मात्र दोन वेळचं पोटभर जेवण अधिक ती पावडर असं चालवलं होतं. चाल काही तडफदार झाली नाही. पोट फुगायचं, ढेकरा यायच्या, आणि पंधरा दिवसांत ब्लाउजची शिवण उसवली. हे कौतुकानं म्हणाले, "आईची सेवा मानवली तुम्हाला."

पंधरवड्यानं आलेल्या सोमवारी रेघ मागच्या रेघेवरच पडली. पुढच्या सोमवारी एका बाजूनं बाहेर सरकली. वेणूताईंनी फिल्म उजेडात दोनदा फिरवून पाहिली. आत्याबाईंनी विचारलं, "काय वं वेणू? भरली?" वेणूताई खोटं बोलत नसत. म्हणाल्या, "थांबली हाय, काकू." आत्याबाईंनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता मी अशीच."

मी तांब्या भरायच्या निमित्तानं आत गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. एवढंच ठरवलं, की त्या संध्याकाळपासून पावडर मुकाट्यानं आत्याबाईंच्या वाटीत घालायची. वाटलं, आता रेघ आपोआप आत येईल आणि कोणाला कळणारही नाही.

पण वेणूताई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे डबा उचलला, हलवला, त्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. "डबा तर खाली होऊन राह्यला. मंग जखम काहून थांबली?" आणि त्यांचा चेहरा एकदम लाल झाला. त्या दिवसांत आमच्याकडे लोकांच्या तोंडी एकच शब्द होता: बोगस. बियाणं पेरलं तर उगवायचं नाही, बोगस. औषध फवारलं तर अळी मरायची नाही, बोगस. वेणूताई म्हणाल्या, "बियाणं बोगस झालं, फवारा बोगस झाला, आता बुढ्या माणसाची पावडरही बोगस? चाल सुमन!"

मी म्हटलं, "अहो, राहू द्या ना, कंपनीला पत्र लिहू..."

"पत्र लिही तू घरी येऊन. आधी चाल."

त्या पुढे, मी मागे. मी त्यांच्यासारखं चालायला शिकले ते त्या दिवशी, पण भीतीनं. बाजाराचा दिवस होता. मेडिकलासमोर वेणूताईंनी डबा काउंटरवर आदळला आणि दुकानदाराला वार्डातल्या आवाजात विचारलं, "हे काय विकून राह्यला तू? पीठ?" दुकानदार मऊ माणूस. "सिस्टर, सीलबंद माल हाय, मी कायले..." तेवढ्यात माणसं जमली. वेणूताई दवाखान्याच्या, त्यांचा शब्द म्हणजे गावात खरा. आणि जमलेल्यातल्या निम्म्यांच्या वावरात त्या साली न उगवलेलं बियाणं पडलेलं. एकानं विचारलं, "बोगस हाय का, सिस्टर?" दुसरा म्हणाला, "सगळे चोर एकाच माळेचे." मागून कोणीतरी ओरडलं, "शटर पाडा याचं!" एक दगड काउंटरच्या काचेवर येऊन लागला. काच फुटली नाही, तडकली. दुकानदार हात जोडून उभा, त्याचे ओठ पांढरे. वेणूताईही दचकल्या. "दगड नोको, दगड नोको!" म्हणून त्या ओरडत होत्या, पण आता त्यांचंही कोणी ऐकेना.

मी काउंटरसमोर जाऊन पाठ दुकानाकडे करून उभी राहिले. आवाज फुटला तो किंकाळीसारखा.

"पावडर खरी आहे! ती मी प्याले!"

वेणूताईंनी मान वळवली.

"आत्याबाईंना मी सातू पाजलं. वीस दिवस. पावडर मी प्याले. या माणसाचा काही दोष नाही."

मग पुढच्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "हाव, माल खरा हाय. बाईले पाहूनच दिसते."

आधी एक हसला, मग दुसरा, मग सगळा बाजार हसला. ज्याच्या हातात दुसरा दगड होता त्यानं तो खाली टाकून दिला. दुकान वाचलं. माझी चिटणिशी मात्र तिथेच संपली. महिनाभर मी बाजारात गेले नाही, आणि गेले तेव्हा भाजीवालीनं विचारलं, "सातू पाह्यजे काय, बाई?"

परतताना वेणूताई पुढे आणि मी मागे. पण या वेळी त्या सावकाश चालल्या. मला वाटलं, आता घरात जाऊन ह्यांना सांगतील, आत्याबाईंना सांगतील, आणि माझी उरलीसुरली अब्रू जाईल. पण त्यांनी फक्त हात धुतले, ड्रेसिंग केलं, आंबिलीत पावडर कालवली आणि वाटी माझ्या हातात दिली. "आता दोन्ही टाइम तू पाजशीन," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी आत्याबाईंच्या उशाशी बसले. आत्याबाईंनी चमचा घेतला, चव घेतली. "आज पावडर हाय," म्हणाल्या.

मी चमचा खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सातू मले समजत नाही काय? लहानपणापासून खाल्लं म्या."

"मग बोलला का नाही, आत्याबाई?"

"मले वाटलं, डबा संपला असन आन् दुसरा आणाची सोय नसन. तू घरातली अडचण झाकून राह्यली. म्हणून मी गप्प."

माझ्यावर कोणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी तेवढं भाजलं नसतं. मी खरं काय ते सांगितलं. आत्याबाईंनी पदरानं ओठ पुसले. मग म्हणाल्या, "पाज आता. निवून राह्यलं." त्या दिवशी माझ्या हातून आख्खी वाटी गेली. रागानं गेली की मायेनं, हे मला आजही ठाऊक नाही.

वेणूताई दर सोमवारी येत राहिल्या. रेघ मारायच्या, तारीख घालायच्या, जायच्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. रेघ आधी जागच्या जागी थांबली, मग पुन्हा आत यायला लागली. पावडर, मी केलेलं वरण, अंड्याचा बलक, भरीत, कूस बदलणं, सगळ्यानं मिळून ती भरली. कशानं किती, हे विचारायची मला आता हौस नव्हती. दिवाळीच्या सुमारास आत्याबाई उशांच्या आधारानं बसल्या. थंडी सरता सरता वॉकर धरून अंगणात आल्या आणि मला म्हणाल्या, "जाय तू घरात. मले न्हाणीत एकटीले जाऊ दे."

दोन वर्षांनी वेणूताई निवृत्त झाल्या. नेरला त्यांची धाकटी बहीण असते, तिच्याकडे राहायला निघाल्या. एक ट्रंक, एक वळकटी, एक पिशवी. बस स्टँडवर पोचवायला दवाखान्यातली दोन माणसं होती, ढाब्याचा सरदारजी होता, आणि मी. पातळ आज पांढरं नव्हतं, फिकट निळं होतं. घड्याळ मात्र छातीशी तसंच उलटं टांगलेलं.

गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या. मी खालून खिडकीची सळई धरली. दोन वर्षं जी गोष्ट गिळून बसले होते ती आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "वेणूताई, मी तेव्हा असं का केलं ते तुम्ही मला कधी विचारलं नाही. मी तुमच्यावर जळत होते. लोक तुमचं नाव घ्यायचे ते मला सहन व्हायचं नाही. तुमच्या स्लिपरचा आवाजसुद्धा. मला माफ करा."

कंडक्टरनं घंटी मारली. वेणूताईंनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. तो पुढचा दात दिसला, म्हणजे त्या हसत होत्या. गाडी हलली तशी मी दोन पावलं बरोबर चालले, आणि त्या मोठ्यानं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा म्हणाल्या:

"जन्मभर ज्यानं त्यानं माही कीवच केली वं, सुमन. जळलं कोणी नव्हतं. बाजारातून आली त्या दिवशी मले समजलं, तू जळून राह्यली ते, आन् घरी जाऊन मी आरशात पाह्यलं, का बाप्पा, असं हाय तरी काय माह्यात!"